बंद वर्तुळातील वारसा : बालकांचे दुर्मीळ मज्जाविकार, जनुके आणि अंतर्विवाह

इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी वैद्यकशास्त्राच्या वाटेवरील विषय निवडावा, याचे काही माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु गेल्या काही दशकांत ही वाट थेट आमच्या विषयाच्या अंगणात येऊन पोहोचली आहे. बालकांच्या मेंदूचे काही अत्यंत दुर्मीळ आजार कोणत्या जनुकातील कोणत्या बदलामुळे होतात, याचा शोध घेता घेता संशोधक भारतातील जातींच्या विवाहपद्धतीपाशी आले. आणि जात म्हणजे नेमके काय, याचा शोध घेता घेता डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ सालीच विवाहपद्धतीपाशी पोहोचले होते. या दोन शोधांची गाठ कोठे पडते, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

प्रश्न केवळ पुस्तकी नाही. एखाद्या घरात मूल वेळेवर मान धरीत नाही, चालू लागलेले मूल पुन्हा पडू लागते, आकडी येऊ लागते. डॉक्टर बदलतात, तपासण्या होतात, उत्तर मिळत नाही. मग घर स्वतःच उत्तर शोधू लागते. ग्रहणात आईने भाजी चिरली असेल, नवस फेडावयाचा राहिला असेल, सुनेचा पायगुण वाईट असेल. आणि सर्वांत जड उत्तर म्हणजे, मागच्या जन्मीचे काही असेल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही हे शेवटचे वाक्य माझ्या कानी आलेले आहे, म्हणून ते येथे लिहितो.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हा मुद्दा स्पष्टपणे हाताळला आहे. मूल आपले गुणधर्म आईवडिलांकडून घेते असे आनुवंशिकताशास्त्र सांगते. उलट पूर्वकर्माचा सिद्धांत असे सांगतो की, आईवडिलांकडून मुलाला फक्त देह मिळतो आणि बाकी सारा वारसा ते आपल्याच मागील जन्मातून घेऊन येते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्या वेळी डीएनएच्या रचनेचा शोध लागून अवघी चार वर्षे झाली होती. आजारी मुलाच्या आईला ‘हे तुझे पाप नव्हे’ असे सांगणे हे सांत्वन आहे. पण ते सिद्ध करून दाखविणारे शास्त्र त्यानंतरच्या काळात उभे राहिले.

एक अक्षर अधिक

दहावीच्या विज्ञानात आपली मुले आनुवंशिकतेचे प्रकरण शिकतात, मेंडेलच्या वाटाण्याची आकृती काढतात आणि गुण मिळवितात. त्याच आकृतीत या विषयाचा पाया आहे. आपल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून आलेली. काही आजार असे आहेत की दोन्ही प्रती सदोष असल्या तरच ते प्रकट होतात. एकच प्रत सदोष असलेला मनुष्य पूर्ण निरोगी असतो; त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भातील आपल्या समाजाला हे गणित नव्याने सांगण्याची गरज नाही. सिकलसेलने ते घरोघरी शिकविले आहे. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. सिकलसेलच्या वाहकाला हिवतापापासून काही संरक्षण मिळते, म्हणून तो बदल हिवतापाच्या प्रदेशांत वाढत गेला. येथे ज्या बदलांची चर्चा आहे ते तसे नाहीत. त्यांचा कोणालाही उपयोग नाही, जगाच्या हिशेबात ते फार विरळ आहेत, आणि तरीही एखाद्या समूहात ते पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात.

असे का होते, याचे एक उत्तम उदाहरण मुंबईतच घडले आहे.

बॉम्बे हॉस्पिटलमधील ज्येष्ठ मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांच्याकडे काही बालके येत असत. त्यांच्यात साम्य होते. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षातच डोके प्रमाणाबाहेर मोठे होई. चालणे थोडे उशिरा येई, पण येई. पुढे काही वर्षांनी तोल जाऊ लागे, पाय ताठ होत, आकडी येई. डोक्याला किरकोळ मार लागला तरी प्रकृती एकदम खालावल्याची उदाहरणे होती. बुद्धी मात्र बराच काळ शाबूत राही. एमआरआयमध्ये मेंदूतील श्वेतद्रव्य, म्हणजे मज्जातंतूंचे आवरण असलेला भाग, सर्वत्र सुजलेला दिसे आणि कानशिलाकडील भागात द्रवाच्या पिशव्या दिसत. चित्र इतके भयंकर, की असे मूल अंथरुणाला खिळलेले असेल असे कोणालाही वाटावे. आणि मूल तर समोर चालत, बोलत असे. ही विसंगती हेच या आजाराचे लक्षण ठरले.

डॉ. सिंघल यांच्या ध्यानात दुसरी एक गोष्ट आली, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. ही बालके मोठ्या प्रमाणावर एकाच समाजातील, अगरवाल समाजातील होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरीक्षण मांडले. जवळपास त्याच काळात, १९९५ साली, नेदरलँड्समधील डॉ. मार्जो व्हान डर क्नाप यांनी अशाच आठ बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. आजाराला लांबलचक वैद्यकीय नाव मिळाले. संक्षेपाने त्यास ‘एमएलसी’ म्हणतात.

आता प्रश्न होता जनुक शोधण्याचा. माणसाच्या जनुकसंहितेत सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. प्रथिने घडविणारी जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत. कोणत्याही एका व्यक्तीची संहिता प्रमाण मानलेल्या संहितेशी ताडून पाहिली तर चाळीस ते पन्नास लाख ठिकाणी फरक आढळतो, आणि त्यांपैकी बहुतेक सारे निरुपद्रवी असतात. यातून आजाराला कारणीभूत असलेला एक फरक निवडावयाचा म्हणजे मोठ्या ग्रंथालयातील एकाच पुस्तकातला छपाईचा एक दोष हुडकण्यासारखे आहे, आणि तेथील प्रत्येक पुस्तकात निरुपद्रवी दोष आधीच पुष्कळ आहेत.

येथे कुटुंबे मदतीला येतात. आईवडील एकमेकांचे नातलग असतील तर आजारी मुलाला दोन्ही सदोष प्रती एकाच पूर्वजाकडून, दोन वाटांनी, आलेल्या असतात. त्या जनुकाच्या आसपासचा गुणसूत्राचा तुकडाही मग दोन्ही बाजूंनी अगदी सारखा असतो. अनेक आजारी मुलांमध्ये असा सारखा तुकडा कोठे आहे हे पाहिले की शोधाचे क्षेत्र एकदम लहान होते. तुर्कस्तानातील अशाच कुटुंबांच्या अभ्यासातून २००० साली एमएलसीचे स्थान बाविसाव्या गुणसूत्राच्या टोकाशी निश्चित झाले, आणि २००१ साली तेथील जनुक सापडले. त्यालाही ‘एमएलसी-१’ असेच नाव देण्यात आले. मेंदूत मज्जापेशींना आधार देणाऱ्या काही पेशी असतात; त्यांच्या आवरणातील एक प्रथिन हे जनुक तयार करते. मेंदूतील पाणी व क्षार यांचा समतोल राखण्यात त्या प्रथिनाचा वाटा असतो. ते नीट तयार झाले नाही की श्वेतद्रव्यात पाणी साठते. सुजलेल्या चित्राचा उलगडा असा झाला.

अगरवाल समाजातील रुग्णांच्या तपासणीचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बालकांत या जनुकात एकच आणि तोच बदल आढळला. संहितेत एका ठिकाणी ‘सी’ हे एक अक्षर अधिक पडले होते. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचले जाते; मध्येच एक अक्षर घुसले की पुढचे सारे गट चुकतात आणि प्रथिन अर्थहीन होते. एकच बदल सर्वांत असणे याचा अर्थ सरळ आहे. तो कधी काळी एका पूर्वजात निर्माण झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच समाजात फिरत राहिला. शास्त्रज्ञ याला संस्थापक-परिणाम म्हणतात.

हा पुरावा किती कडक असतो हेही सांगितले पाहिजे, कारण ‘जनुकात फरक सापडला’ एवढ्यावर भागत नाही. आजारी मुलात बदलाच्या दोन प्रती हव्यात, आईवडिलांत प्रत्येकी एकच हवी, निरोगी भावंडांत दोन असता कामा नयेत. स्वतंत्र कुटुंबांत हेच पुन्हा दिसावयास हवे. बदलामुळे प्रथिनाचे काम बिघडते हे प्रयोगाने पटावयास हवे. या कसोट्या पूर्ण झाल्या नाहीत तर तपासणी-अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. हा शेरा मिळालेले पालक गोंधळून जातात. त्यांनी समजून घ्यावे की तो दोषारोप नाही आणि निदानही नाही.

गोत्र टाळले, जात पाळली

अगरवाल समाजाच्या उदाहरणात एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. या समाजात जवळच्या नात्यात विवाह करण्याची रीत नाही. त्यांच्या परंपरेत साडेसतरा किंवा अठरा गोत्रे मानतात आणि विवाह गोत्राबाहेरच होतो. म्हणजे ‘रक्ताच्या नात्यात लग्न नको’ हा नियम तेथे कसोशीने पाळला जात होता. तरीही आजार आला. कारण गोत्राबाहेर पडलेले पाऊल जातीच्या आतच पडत होते. वधूवरांना परस्परांचे नाते ठाऊक नव्हते, पण गुणसूत्रांना ते ठाऊक होते.

येथे १९१६ सालच्या निबंधाची आठवण अपरिहार्य आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जातीची व्याख्या करताना इतर विद्वान शिवाशिव, रोटीव्यवहार, व्यवसाय यांची यादी देत होते. बाबासाहेबांनी ती बाजूला सारली आणि एकच गाभा ठेवला, तो अंतर्विवाहाचा. भारतीय समाजात मुळात कुलाबाहेर विवाह करण्याचा नियम प्रबळ होता. त्या बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला गेला, तेव्हा जात निर्माण झाली, असे त्यांनी मांडले. गोत्र टाळून जात पाळणारा विवाह हे त्या सिद्धांताचेच घरगुती रूप होय. हा समाजशास्त्राचा सिद्धांत होता. त्यात जनुकाचा उल्लेख नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. परंतु कारण बरोबर हाती लागले की त्याचे अनपेक्षित परिणामही पुढे त्याच कारणाकडे बोट दाखवितात.

हे परिणाम मोजणारी संशोधने गेल्या काही वर्षांत झाली. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञ आणि त्यांचे अमेरिकेतील सहकारी यांनी २०१३ साली दाखविले की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील निरनिराळ्या लोकसमूहांत मोठ्या प्रमाणावर संकर झाला आणि त्यानंतर तो थांबत गेला. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संस्थेच्या २०१६ सालच्या अभ्यासानुसार, काही समूहांत हा संकर सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारणतः गुप्तकाळाच्या सुमारास, थांबल्याचे दिसते. इतिहासाच्या शिक्षकाने येथे जपून बोलावे. गुणसूत्रांवरून तारीख काढण्यात काही शतकांचे अंतर सहज पडते, आणि एखाद्या राजवंशाच्या माथी सारे मारणे हे इतिहासलेखन नव्हे. पण दारे आधी उघडी होती आणि नंतर बंद झाली, एवढे विधान करण्यास पुरावा पुरेसा आहे. जात अनादी आहे म्हणणाऱ्यांना तो अडचणीचा आहे.

२०१७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांतील २८०० हून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली. त्यांपैकी ८१ समूहांत संस्थापक-परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा व पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र असल्याचे आढळले. या दोन लोकसमूहांतील आनुवंशिक आजार जगभरच्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत शिकविले जातात. आपल्याकडील ८१ समूहांपैकी १४ समूहांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांहून अधिक आहे. म्हणजे समाज आज संख्येने मोठा आहे म्हणून धोका नाही, हा समज खरा नाही. लाखोंचा समाज मूठभर पूर्वजांपासून वाढलेला आणि आपल्यातच विवाह करीत आलेला असू शकतो.

एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या समाजात पन्नासात एक मनुष्य एखाद्या दुर्मीळ बदलाचा वाहक आहे, आणि बाहेरच्या जगात तोच बदल हजारात एकाकडे आहे. समाजाच्या आतील विवाहांत आजारी मूल जन्मण्याची शक्यता दहा हजारांत एक येते. त्याच समाजातील व्यक्तीने बाहेर विवाह केला आणि ती वाहक असली, तरी हिशेब चार हजारांत एक इतकाच राहतो. तर आतल्या आत, वाहक व्यक्तीसाठी तो दोनशेत एक असतो. बदल नाहीसा झालेला नाही, दोन प्रती समोरासमोर येण्याची संधी कमी झाली आहे. आंतरजातीय विवाहाने आनुवंशिक आजार ‘संपतात’ असे जे उत्साहाने सांगितले जाते, ते म्हणून अर्धसत्य आहे. आणि बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये आंतरजातीय विवाहाचा उपाय सांगितला तो आरोग्यासाठी नव्हे, तर माणसामाणसांत आपलेपणाची भावना निर्माण होण्यासाठी. त्या मोठ्या कारणाला वैद्यकीय कारणाच्या कुबड्या देण्याची गरज नाही.

आपल्याच घरात

दुसऱ्या समाजाचे उदाहरण वाचून समाधान मानण्याचा हा विषय नाही. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या संधीवर ठेवले ते बऱ्याच अंशी अशाच चालींमुळे. ही चाल कोणा एका जातीची नाही आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ती आपोआप संपलीही नाही. ‘घरचीच मुलगी आहे, पारखलेली आहे, देण्याघेण्याचा प्रश्न नाही’ ही कारणे आपल्याकडेही ऐकू येतात. शिवाय सोमवंशी, बावणे, लाडवण अशी पोटजातींची विचारपूस अजूनही काही सोयरिकींत हळूच केली जाते. पत्रिकेवर बुद्धाची प्रतिमा असते आणि पत्रिकेआधीच्या बैठकीत पोटजात असते. हे मला लज्जास्पद वाटते. त्यात जनुकाचा प्रश्न नसता तरीही वाटले असते.

नात्यातील विवाहाचे गणितही पाहून ठेवावे. समजा, आजोबा किंवा आजी यांपैकी एक जण एखाद्या बदलाचा वाहक होता. त्याच्या नातवंडांपैकी आतेभाऊ व मामेबहीण यांचा विवाह झाला, तर त्यांच्या मुलात तो बदल दोन्हीकडून येण्याची शक्यता चौसष्टात एक असते. एका बदलाचा हा हिशेब आहे. आजोबा-आजी दोघांच्याही अंगी असे काही बदल लपलेले असतात, कारण ते प्रत्येक माणसात असतात. सर्वसामान्य दांपत्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन धरतात. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या विवाहात ती जवळपास दुप्पट होते. म्हणजे अशा बहुतेक दांपत्यांची मुले निरोगीच असतात. ज्यांचा विवाह पूर्वीच झाला आहे त्यांना भिवविण्यासाठी हे लिहिलेले नाही. ज्यांची बोलणी चालू आहेत त्यांच्यासाठी लिहिले आहे.

या नात्याकडे वैद्यकाचे लक्ष शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी गेले. लंडनचे डॉ. आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ साली, लघवी काळी पडणाऱ्या एका आजारासंबंधी लिहिताना नोंदविले की, अशा मुलांचे आईवडील पुष्कळदा सख्खी चुलत-आते भावंडे असतात. त्याचा मेंडेलच्या नियमांनुसार अर्थ लावण्यास त्यांना विल्यम बेटसन यांची मदत झाली. याच बेटसन यांचा आधार बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये घेतला आहे. जातिव्यवस्था म्हणजे उत्तम वंश राखण्याची शास्त्रीय योजना होय, असे सांगणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी बेटसन यांच्या ग्रंथातून दाखविले की, उच्च मानसिक गुण कोणा एका ठराविक पद्धतीने संक्रमित होतात असे शास्त्र म्हणत नाही. ‘रक्तशुद्धी’ने श्रेष्ठता टिकते हा दावा तेव्हाच निराधार ठरला. शुद्ध राखलेल्या रक्तात नेमके काय साठत जाते, हे पुढच्या काळाने दाखविले.

माहिती हाती आल्यावर

ज्ञान हाती आले की त्याचे काय करावयाचे, हा पुढचा प्रश्न. येथे अश्केनाझी ज्यूंचे उदाहरण घेतो. त्यांच्यात टे-सॅक्स नावाचा आजार होता. सहा महिन्यांपर्यंत हसतेखेळते बाळ हळूहळू दृष्टी, हालचाल, गिळण्याची शक्ती गमावते आणि बहुधा चार-पाच वर्षांत दगावते. या समाजात तिसांत सुमारे एक जण वाहक असतो. १९७१ पासून अमेरिकेत सिनेगॉगांतून, वस्त्यांतून स्वेच्छेने वाहक-तपासणी सुरू झाली. काही दशकांत अमेरिका व कॅनडातील ज्यू समाजात या आजाराची बालके नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाली. हे यश डॉक्टरांइतकेच समाजाच्या पुढाकाराचे होते.

सनातनी ज्यूंनी मात्र निराळा मार्ग काढला. या आजाराने आपली चार मुले गमावलेले रब्बी योसेफ एकस्टाइन यांनी १९८३ साली ‘दोर येशोरिम’ ही संस्था स्थापिली. तरुणांची रक्ततपासणी होते, पण कोण वाहक आहे हे कोणालाच, त्या व्यक्तीलाही, सांगत नाहीत. विवाहाची बोलणी निघाली की दोघांचे क्रमांक ताडून ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ एवढेच कळवितात. कलंक टाळण्याची ही युक्ती मला आदरणीय वाटते. आपल्याकडे एखाद्या मुलीच्या अहवालात ‘वाहक’ हा शब्द आला तर गावभर काय होईल याची कल्पना करा. परंतु या पद्धतीत वर्तुळ जसेच्या तसे बंद राहते. फक्त त्यातील धोक्याच्या जोड्या वगळल्या जातात. आपल्या सोयरिकीच्या मेळाव्यांतून उद्या कोणी अशी तपासणी सुरू केली तर मी तिला विरोध करणार नाही, पण पोटजातीच्या मेळाव्याला विज्ञानाचे प्रमाणपत्र म्हणून ती वापरली जाऊ नये एवढे म्हणेन.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बालकांचे सर्व मज्जाविकार बंद वर्तुळामुळे होत नाहीत. मुलींमध्ये आढळणारा रेट विकार घ्या. चांगली वाढणारी मुलगी दीड वर्षाच्या सुमारास बोलणे आणि हातांचा वापर विसरू लागते. त्याचे जनुक १९९९ साली डॉ. हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेने शोधले. त्यातील बदल बहुतेक वेळा आईवडिलांपैकी कोणातही नसतो, तो त्या मुलीतच नव्याने घडलेला असतो. ड्यूशेन या स्नायूंच्या आजारात सदोष जनुक आईच्या एक्स गुणसूत्रावरून मुलाकडे येऊ शकते, पण तेथेही सुमारे एक तृतीयांश मुलांत बदल नवा असतो. आणि पुष्कळ मुलांचा त्रास जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, कावीळ, संसर्ग अशा टाळता येण्याजोग्या कारणांनी झालेला असतो. तेथे जनुक शोधण्यापूर्वी प्रसूतिगृहाची अवस्था पाहावी.

दुसरा धोका अधिक मोठा आहे. आनुवंशिकतेच्या नावाखाली माणसांची प्रतवारी केल्याचा इतिहास फार जुना नाही. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्बल मनाच्या’ ठरविलेल्या व्यक्तींची सक्तीची नसबंदी वैध ठरविली. १९३३ साली जर्मनीत नाझी राजवटीने तसाच कायदा केला आणि त्याची पुढची परिणती सर्वज्ञात आहे. म्हणून ‘अमुक समाजात अमुक रोग’ हे वाक्य सावधपणे उच्चारावे. अगरवाल कुटुंबांनी तपासणीस सहकार्य केले म्हणून जगाला एका आजाराची माहिती मिळाली. त्यांच्याकडे रोग अधिक आहेत असा त्याचा अर्थ नव्हे. ज्या समाजांची तपासणीच झालेली नाही, त्यांच्या अडचणी अद्याप कोणी मोजलेल्या नाहीत, एवढेच. जगातील जनुकीय माहितीचे साठे दीर्घकाळ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेले राहिले. त्यामुळे भारतीय बालकाच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा अधिक वेळा येतो. दहा हजार भारतीयांच्या संहिता वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, ही म्हणूनच मोठी घटना आहे.

पालकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत येतात. विकास मंद वाटणाऱ्या मुलाला ती जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात. तेथे जाण्यास संकोच करू नये. मुंबईचे केईएम रुग्णालय राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालील मान्यताप्राप्त केंद्रांपैकी एक आहे. ठरावीक आजारांसाठी अशा केंद्रांतून पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. पहिले मूल आजारी असेल तर दुसऱ्या गर्भारपणापूर्वीच जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. गर्भ राहिल्यानंतर धावपळ करण्यात वेळ हातचा जातो. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानास बंदी आहे, परंतु नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक आजारांसाठी गर्भतपासणी करता येते. ती करावी की नाही, हा निर्णय त्या दांपत्याचा, त्यातही आईचा आहे. सासरच्या बैठकीचा नाही.

जे मूल घरात आहे त्याचा हक्क वेगळा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मान्य झाले असून दीर्घकालीन मज्जाविकार, स्नायुक्षय आणि सिकलसेल यांचा त्यात समावेश आहे. एमएलसी असलेले मूल अनेक वर्षे आपल्या वर्गात बसून इतरांबरोबर शिकू शकते. त्याला चाकाची खुर्ची वर्गापर्यंत नेता येईल असा उतार आणि डोक्याला मार लागणार नाही अशी बसण्याची जागा एवढेच हवे असते. निवासी शाळांच्या इमारती बांधताना याचा विचार क्वचितच झाला आहे.

नववी-दहावीच्या मुलांना आम्ही आता वंशावळीची आकृती काढावयास शिकवितो. चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचे, आजारी व्यक्तीचे चिन्ह भरलेले, नात्यातील विवाह असेल तर दोघांना जोडणारी रेघ दुहेरी. स्वतःच्या घराची वंशावळ वर्गात काढावयास मात्र सांगत नाही. ती ज्याची त्याने घरी, आजीला विचारून काढावी. ती काढताना तीन पिढ्यांत दगावलेली बालकेही नोंदवावीत. आजीला ती सर्व आठवत असतात, पण त्यांच्याविषयी आजवर तिला कोणी विचारलेले नसते.